किल्लारीच्या मैदानावरची हजेरी

मुलांना चिडवायला शिकवावं लागत नाही. नीट चिडवायला मात्र शिकवावं लागतं, आणि मुखेडच्या आमच्या शाळेत ते काम माझ्याकडे आलं होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी दुपारची भाकरी खाल्ली की माझे पाय शाळेकडेच वळतात. मुलींचा फुटबॉल संघ निवडला गेला त्या दिवशी, निवड न झालेल्या मुली रडवेल्या होऊन व्हरांड्यात बसल्या होत्या. मी म्हटलं, "मैदानात अकराजणी खेळतात, पण बाहेरून सगळं गाव खेळतं. तुम्ही घोषणा द्या. घोषणा मी शिकवते."

आमच्याकडे लग्नात दोन्हीकडच्या बायका एकमेकींना गाण्यातून टोमणे मारतात. माझी आई त्यात पटाईत होती. विहिणीच्या नाकापासून तिनं आणलेल्या लाडवांपर्यंत काही सोडायची नाही, आणि विहीणही हसत हसत दुप्पट परतफेड करायची. पण आईचा एक नियम होता, तोच मी मुलींना पहिल्या दिवशी सांगितला. "ज्याला उलटून बोलता येत नाही, त्याला गाण्यात घ्यायचं नाही. समोर बसलेल्या विहिणीला घ्या. आजारी पडलेल्याला नको, मेलेल्याला तर नकोच."

मुलींनी माना डोलावल्या. मुली माना लगेच डोलावतात.

त्यांच्यात दामिनी होती, आठवीतली. पळायला मंद, पण जीभ अशी की शब्द तिच्या तोंडात आला की त्याला पाय फुटायचे. तालुक्याच्या सामन्यात पंचांनी आमचा एक गोल नाकारला तेव्हा ती जागेवर उठून ओरडली होती:

"पंचकाका, पंचकाका, चष्मा कुठं हरवला?
सासूबाईनं पापडासंगं वाळवला!"

पंचसुद्धा हसले होते. मला फार अभिमान वाटला होता.

डिसेंबरात अंतिम सामना किल्लारीला ठरला. चार जीप करून आम्ही पहाटेच निघालो आणि लातूर मागं टाकून अकराच्या सुमाराला पोचलो. मुली खिडकीतून गाव बघत होत्या. सरळ आखलेले रस्ते, एकमेकांपासून लांब उभी बसकी घरं, प्रत्येक घरापुढं मोठं मोकळं अंगण.

"बाई, इथं घरं एकमेकांवर रुसल्यात काय?" दामिनीनं विचारलं.

"भूकंपानंतर नव्यानं वसवलंय हे गाव," मी म्हटलं. "त्र्याण्णव साली. धडा आहे की तुम्हाला."

"हाव, पाचवीला होता," ती म्हणाली आणि डबा उघडला.

तिथंच मी जीप थांबवून दोन गोष्टी सांगायला हव्या होत्या. भूकंपाच्या त्या पहाटे मुखेडला आमच्या घरातली भांडी फडताळातून खाली आली होती, मला सगळं आठवत होतं. पण मुली गात होत्या, ऊन छान पडलं होतं, आणि मी बोलले नाही.

मैदानाच्या एका बाजूला लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या ठोकून बसायची सोय केली होती. ती पाहुण्यांना, म्हणजे आम्हाला दिली होती. किल्लारीचे लोक समोर जमिनीवर सतरंज्या टाकून बसले होते. म्हातारे, बायका, पोरं, निम्मं गाव. त्यांचे क्रीडाशिक्षक राजशेखर सर स्वतः आमच्यासाठी पाण्याची घागर घेऊन आले. पंचेचाळिशीचा मऊ बोलणारा माणूस, कपाळावर विभूती. म्हणाले, "बाई, आमच्या पोरी तोंडाळ हायत. राग मानू नका."

"आमच्याही काही मुक्या नाहीत," मी म्हटलं.

खेळ सुरू झाला आणि घोषणाही. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी गोल केला. लगेच समोरून आलं:

"मुखेडची विहीर आटली,
पळता पळता चप्पल तुटली!"

दामिनी तयारच होती.

"चप्पल तुटली? तुटू दे!
अनवाणी गोल सुटू दे!"

समोरच्या बायकांनी पदर तोंडाला लावून हसत टाळ्या वाजवल्या. त्यांच्यात एक म्हातारी अगदी पुढं, आमच्या बाजूच्या कोपऱ्यापाशी बसली होती. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, हातात शेंगांची पिशवी. ती हसता हसता शेंगा फोडत होती. मध्यंतरापर्यंत असंच चाललं. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

मग खेळ हातातून जाऊ लागला. त्यांची गोलकीपर साक्षी म्हणून एक उंच पोरगी होती. आमचा प्रत्येक फटका ती अडवत होती, आणि अडवला की आमच्या मुलींकडं बघून जांभई द्यायची. दामिनीचा चेहरा लाल झाला. घोषणा संपत आल्या होत्या. शेवटची दहा मिनिटं उरली असताना ती फळीवर उभी राहिली आणि पाय आपटू लागली. धाड, धाड, धाड. मुली तिच्यामागून उठल्या. साठ पाय एका तालात पडू लागले, सांगाडा थरथरू लागला, आणि दामिनी ओरडली:

"हलव, हलव, किल्लारी हलव!
निजलीय किल्लारी, निजल्यात हलव!"

ताल फार चांगला होता. माझाही पाय दोनदा पडला. तिसऱ्यांदा पडायच्या आत ते शब्द माझ्या कानात शिरले. भूकंपाच्या आदल्या रात्री विसर्जनाच्या मिरवणुकीतून दमून आलेलं, गाढ निजलेलं गाव. मी उठून ओरडले, "बास! दामिनी, बास!"

आवाज थांबला. पाय थांबले. फळ्या मात्र थांबल्या नाहीत. घागरीतलं पाणी काठाकडून मध्याकडे, मध्याकडून काठाकडे सरकत होतं. जुना सांगाडा, तीस मुलींचं वजन, थोडा वेळ हलणारच, असं मी मनाला सांगितलं.

समोरून उलट घोषणा आली नाही. शिवीही आली नाही. सगळे लोक एकदम उठले होते. कुणी धावलं नाही, कुणी ओरडलं नाही. बायकांनी लेकरं कडेवर घेतली, माणसांनी म्हाताऱ्यांना हात दिला, आणि सगळे भिंतीपासून, झाडांपासून, विजेच्या खांबापासून दूर, मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. खेळणाऱ्या मुलीसुद्धा चेंडू सोडून आपापल्या घरच्यांजवळ गेल्या. आमच्या अकराजणी जिथल्या तिथं उभ्या राहिल्या. पंच गावातलेच असावेत. तेही शिट्टी गळ्यात तशीच ठेवून आपल्या माणसांत गेले.

मग प्रत्येक घरातलं वडीलधारं माणूस नावं पुकारू लागलं. संथपणे, एक नाव, मग थोडं थांबणं, मग दुसरं नाव. काही नावांना "हाय" असं उत्तर येत होतं. पुष्कळ नावांना येत नव्हतं. उत्तर आलं नाही तरी पुकारणारा तितकाच थांबायचा आणि पुढं जायचा. साऱ्या मैदानावर तेवढाच आवाज होता.

आमच्या मुलींना वाटलं, ही त्यांची घोषणाच आहे. शाळेत हजेरीच्या वेळी गैरहजर मैत्रिणीच्या नावाला दुसरीनं "हाय" म्हणायचं, ही आमच्या मुलींची जुनी खोडी. कित्येकदा मीही ती ऐकून न ऐकल्यासारखं केलेलं आहे. आताही मागच्या फळीवरून कुणीतरी हळूच "हाय" म्हणालं, कुणी फिसकन हसलं.

ती शेंगावाली म्हातारी आमच्यापासून पंधरावीस पावलांवर उभी होती. राजशेखर सर तिच्या शेजारी. ती म्हणाली, "मालक." थांबली. "गुरम्मा आत्याबाई." थांबली. "माणिकप्पा. बसम्मा. राजशेखर."

"हाय," सर म्हणाले.

"मंजुश्री."

आणि दामिनीनं, नुकत्याच झोपेतून उठवलेल्या लेकरासारखा बारीक आवाज काढून उत्तर दिलं, "हाऽय."

म्हातारी पुढं बोलली नाही. तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. आसपासच्या घरांची पुकारणी एकेक करून बंद पडली. ती वळली, आमच्याकडे आली, फळ्यांपाशी उभी राहिली. दामिनीकडं तिनं पाहिलं नाही. वाकून फळ्यांच्या खाली, सांगाड्यातल्या अंधारात बघत राहिली. मग अगदी घरगुती आवाजात म्हणाली, "लई उशीर केलास गं."

राजशेखर सर आले, आईला धरून घेऊन गेले. जाताना माझ्याकडं त्यांनी एकदा पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

बाकीच्या घरांनी हजेरी पुरी केली आणि उरलेली दहा मिनिटं खेळ झाला. साक्षीनं एक चेंडू हातातून सोडला, आम्ही बरोबरी केली, नाणं उडवून करंडक आम्हाला मिळाला. कुणी टाळी वाजवली नाही. आमच्या मुलींनीसुद्धा नाही.

परतताना जीपनं अहमदपूर मागं टाकलं. मग दामिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, एक सांगू? आपन थांबलो ना, तवा माझ्या पायाखालच्या फळीला कुनीतरी खालून वाजवलं. तीनदा."

"लाकूड आहे, आवळतं, वाजतं," मी म्हटलं.

"हाव," ती म्हणाली. पण पाय वर घेऊन बसली.

नवव्या दिवशी राजशेखर सरांचा फोन आला. मी माफी मागायला सुरुवात केली, त्यांनी थांबवलं. "बाई, ते ऱ्हाऊ द्या. लेकरं हायत. माझं दुसरंच काम हाय."

त्यांनी सांगितलं ते असं. जुन्या गावात त्यांच्या घरात आठ माणसं होती. त्या पहाटे म्हैस व्यायला झाली म्हणून त्यांची आई नागम्मा गोठ्यात होती आणि सर विसर्जन आटोपून मंडपातच झोपले होते. दोघं वाचले. बाकीच्या सहांपैकी पाच ढिगाऱ्यातून निघाले. सगळ्यात धाकटी बहीण मंजुश्री निघाली नाही. चार दिवस उकरलं, तरी नाही. तेव्हापासून जमीन हलली, किंवा हलल्यासारखी वाटली, की गाव बाहेर येतं आणि हजेरी होते. जुन्या घरात जेवढी माणसं होती तेवढी सगळी नावं घ्यायची. हजेरी पुरी झाल्याशिवाय कुणी छपराखाली जायचं नाही, हा नियम. उत्तर आलं नाही तर पुढचं नाव घ्यायचं.

"पन अव्वाला उत्तर आलं ना," सर आईबद्दल म्हणाले. "आता ती म्हनती, पोरगी हाय म्हनली, पन रांगेत आली न्हाई. ती येऊन उभी राहिल्याबिगर पुढचं नाव कसं घेऊ? आमच्या चुलत्याचा मृत्युंजय, तान्हा होता, त्याचं नाव राहिलंय. हजेरी अर्धी हाय. नऊ दिवस झाले बाई, अव्वा घरात आली न्हाई. अंगणात बसून हाय. थंडी लई हाय इकडं. छातीत कफ झालाय, डॉक्टर म्हनले अजून दोन दिवस असंच चाललं तर हातात काही ऱ्हानार न्हाई. उचलून आत नेलं तर अशी ओरडली की गल्ली गोळा झाली."

"मी काय करू?"

"त्या पोरीला घेऊन या. एकदा रांगेत उभं ऱ्हायचं, मंजुश्री म्हनलं की हाय म्हनायचं. एवढंच. तिला तसाच आवाज काढता येतो की."

दामिनीच्या आईला सगळं खरं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी निघालो. वाटेत मी तिला सरांचं म्हणणं सांगितलं. आणि हेही लपवत नाही, मी तिला म्हटलं, "एक शब्द बोललीस की म्हातारी घरात जाईल. बोल."

तिनं खिडकीची काच लावून घेतली. मग म्हणाली, "बाई, मी शाळेत आता हाय म्हनत न्हाई. हात वर करते. हाय म्हनलं की माझ्या आदी कुनीतरी म्हनल्यासारखं वाटतं."

दुपारी एक वाजता आम्ही त्यांच्या अंगणात होतो. लख्ख ऊन होतं. नागम्मा अंगणाच्या मधोमध घोंगडीवर बसली होती, छाती घरघरत होती. दहा दिवसांत माणूस एवढं वाळतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. बाजूला दोन ताटल्या होत्या. एकीतली भाकरी अर्धी खाल्लेली, दुसरीतली तशीच, तिच्यावर झाकण.

सर मला हळूच म्हणाले, "सांगितलंय ना तिला?"

मी होकारार्थी मान डोलावली. पण दामिनी माझ्या आधी पुढं झाली आणि म्हातारीसमोर गुडघ्यांवर बसली.

"आज्जी, त्या दिवशी हाय म्हनलं ते मी म्हनलं. मी मंजुश्री न्हाई. माझं नाव दामिनी. मी मुखेडची हाय. मी मुद्दाम म्हनलं, हसवायला. ते निजलीय किल्लारी बी माझंच. मला ठावं नव्हतं." मग ती थांबली, आणि हलक्या आवाजात तिनं स्वतःला दुरुस्त केलं, "थोडं ठावं होतं."

राजशेखर सरांनी कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं, आता म्हातारी इथंच कोसळणार.

नागम्मानं तिला नीट निरखलं. "तू व्हय? तू वर बसली होतीस. तुझं तोंड हललेलं दिसलं मला. तुझा आवाज काही मला आला न्हाई, बाई." खोकला येऊन गेला. "आवाज आला तो फळ्यांच्या खालून."

"आज्जी, मीच होते."

"मग आता गप ऱ्हा. मी हाक मारते. त्या दिवशी तूच असशील तर आता कुनी बोलनार न्हाई. म्हंजे कळंल."

दामिनीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. आम्ही चौघं त्या अंगणात उभे राहिलो. नागम्माही सरांच्या खांद्याला धरून उठली. तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. "मालक. गुरम्मा आत्याबाई. माणिकप्पा. बसम्मा." प्रत्येक नावानंतर ती तेवढीच थांबत होती. शेजारच्या अंगणात एक बाई तूर निवडत होती, तिचं सूप थांबलं.

"राजशेखर."

"हाय, अव्वा."

"मंजुश्री."

सरांनी दामिनीकडं पाहिलं. डोळ्यांनी विनवलं. तिनं हात काढले नाहीत. मी तिला लागूनच उभी होते. छत्तीस वर्षं मी हजेरी घेतली आहे, पन्नास मुलांच्या गोंगाटात कोण बोललं हे मला पाठमोरी असताना कळतं. मी सांगते, त्या अंगणात मला काहीही ऐकू आलं नाही.

पण नागम्मा आणि दामिनी, दोघींच्या माना एकाच क्षणी फाटकाकडे वळल्या.

फाटक बंद होतं. नागम्माची नजर तिथून हळूहळू अंगणात आली, घोंगडीला वळसा घालून आली, आणि तिच्या स्वतःच्या शेजारी, कमरेच्याही खाली, थांबली. दामिनीची नजर तिच्याबरोबर फिरत होती. हातांच्या वर तिचे डोळे एवढे मोठे झाले होते.

"मृत्युंजय," नागम्मा म्हणाली. उत्तराची वाट पाहिली. उत्तर आलं नाही. "झाली," ती म्हणाली.

सर तिला आधार द्यायला उजव्या बाजूला गेले. तिनं त्यांना डावीकडं जायला खुणावलं. उजव्या हाताचं एक बोट तिनं खाली सोडलं होतं, लहान लेकराला धरायला देतात तसं. ती चालत दारापर्यंत गेली. उंबरा थोडा उंच होता. तिथं ती थांबली, बाजूला सरली, आत कुणी चढून जाईपर्यंत लागतो तेवढा वेळ तिनं जाऊ दिला. मग स्वतःचा पाय उचलला आणि घरात गेली.

आतून ताटली मांडल्याचा आवाज आला.

मी दामिनीचे हात तोंडावरून खाली घेतले. तिच्या गालांवर बोटांचे पांढरे वळ उठले होते.

राजशेखर सर आईमागून आत जातील असं मला वाटलं होतं. ते आमच्याबरोबर थांब्यापर्यंत आले. बसला वेळ होता, मी म्हटलं, "तुम्ही जा, आई एकटी आहे." ते "हाव" म्हणाले आणि तिथंच उभे राहिले. बस आली, आम्ही चढलो, बस सुटली. मी मागच्या काचेतून पाहिलं. त्यांनी अजून घराकडं पाऊल टाकलं नव्हतं.